सुई कोणी टोचली? हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, हिंगोली यांस,



मी सेनगाव तालुक्यातली निवृत्त आरोग्यसेविका. १९८८ साली नोकरीला लागले तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, रजिस्टरांवरचे शिक्के बदलले, माझ्या वाड्या आणि तांडे तेच राहिले. लसीकरण, बाळंतपणं, कुटुंबकल्याण, क्षयरोग्यांच्या गोळ्या यांत चौतीस वर्षं गेली. आपण जिल्ह्याच्या बोगस डॉक्टर शोध समितीचे अध्यक्ष आहात, म्हणून हे पत्र आपल्या नावे. खुलं अशासाठी, की दवाखान्याच्या पायरीवर नंबर लावून बसणाऱ्यांनीही ते वाचावं.

आधी एका लेकराच्या पायाबद्दल सांगते.

२००४ चा पावसाळा होता. एक बाई चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन उपकेंद्रात आली. म्हणाली, "सिस्टर, कालपासून ह्यो उभाच राहंना गेलाय. पाय टेकवला की मुडपतोय." मी त्याला टेबलावर बसवलं. उजवं पाऊल खाली लोंबत होतं. तळव्याला नखानं ओढलं तरी बोटं वर येईनात. ताप उतरलेला होता. मला घाम फुटला, कारण ते पोलिओचे दिवस होते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की लगेच कळवायचं, असा आम्हाला सक्त आदेश होता.

मी कळवलं. मग जी यंत्रणा हलली ती मी कधी विसरणार नाही. वैद्यकीय अधिकारी त्याच दिवशी आले. चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे होते. त्या प्रत्येक डबीवर क्रमांक, तारीख, वेळ. लसीच्या डब्यात बर्फ भरून डब्या मुंबईच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर जीपमधून चिखल तुडवत आले, टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या, छोट्या हातोडीनं गुडघ्यावर ठोकून पाहिलं. साठ दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा मोजलं. अहवाल आला: पोलिओचा विषाणू नाही. कंबरेत दिलेल्या सुईमुळे पायाकडे जाणारी शीर दुखावली आहे.

पोलिओ नाही म्हटल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. केस बंद झाली. त्या लेकराला सुई दिली होती का, कुठे दिली, किती दिवसांपूर्वी दिली, हे सगळं विचारून झालं होतं. सुई कोणी दिली, हे कुणी विचारलं नाही. त्याच्या शौचाच्या डबीला क्रमांक होता. त्याला अधू करणाऱ्या हाताला क्रमांक नव्हता, आणि हवा होता असं त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

मला मात्र माहीत होतं. आठवड्यातून तीन दिवस मोटारसायकलवर बॅग अडकवून गावात येणारा एक माणूस होता. शहरातल्या एका दवाखान्यात काही वर्षं कंपाउंडर होता, तिथून उठून त्यानं स्वतःचं सुरू केलं. गाव त्याला डाक्टर म्हणायचं. रात्री बारा वाजता हाक मारली तरी यायचा. सोयाबीन विकेपर्यंत उधारी ठेवायचा. आणि पल्स पोलिओच्या रविवारी, शेतातल्या आखाड्यांवर राहणारी लेकरं बूथवर आणायला माझ्याआधी हाच निघायचा. चार घरं लस नाकारायची, तिथं माझ्या शब्दापेक्षा त्याचा शब्द चालायचा. मला त्याची गरज होती. म्हणून मी गप्प बसले. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, पुढच्या महिन्याच्या बैठकीतही तोंड उघडलं नाही. प्रशिक्षणात पहिल्याच महिन्यात आम्हाला शिकवलं होतं की लहान लेकराला सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूनं द्यायची, कुल्ल्यावर द्यायची नाही, शीर तिथून जाते. मला हे ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

तो पोरगा आता पंचविशीचा आहे. मोंढ्यात हळदीची पोती उचलायचं काम त्याला झेपत नाही, म्हणून टपरीवर बसतो. पाऊल वर उचलत नाही, त्यामुळे चप्पल पायात राहत नाही; टाचेमागून सुतळीनं बांधलेली असते. मला पाहिलं की "बाई, चहा घ्या" म्हणतो. मी घेते. माझ्या घशाखाली तो उतरत नाही.

महोदय, आता माझ्या ट्रंकेतला एक कागद. दीड वर्षाचं एएनएमचं, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचं, प्रशिक्षण, परीक्षा आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणीपत्र. माझ्या नावापुढे आर.ए.एन.एम. लागलं तेव्हा मला वाटलं होतं, नोकरीसाठी लागणारा आणखी एक कागद. त्याचा अर्थ खूप उशिरा कळला. माझ्या हातून एखाद्या आईचं वाईट झालं, तर ती आई माझ्या नावानं एका ठिकाणी तक्रार करू शकते. ते ठिकाण मला बोलावू शकतं, विचारू शकतं आणि माझं काम काढून घेऊ शकतं. नोंदणी म्हणजे जाब विचारायचा पत्ता. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. डॉक्टरांनाही आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात, म्हणजे डॉक्टरनं नवं काही शिकत राहिलं पाहिजे.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिथं दर तीन वर्षांनी नोंदणी ताजी करावी लागते. ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास शिक्षण आणि पाच लिखाणं, ज्यांत स्वतःच्या कामातल्या प्रसंगांवर विचार करून लिहायचं. मागच्या वर्षी फोनवर म्हणाली, "मावशी, आज माझ्या चुकीवर लिहितेय. औषधाची वेळ चुकली होती, ते." मी विचारलं, चूक लिहून दिली तर नोकरी जाणार नाही का? ती म्हणाली, "लपवली तर जाईल." त्या रात्री मला २००४ चा पावसाळा आठवला. चूक लिहून ठेवायची अशी वही माझ्या हातात कुणी दिली असती, तर मी लिहिलं असतं का? खरं सांगते, पहिल्या वर्षी लिहिलं नसतं. पाचव्या वर्षी लिहिलं असतं.

इंग्लंडचं सगळं चांगलं आणि आपलं वाईट, असं मला म्हणायचं नाही. तिथंही हॅरोल्ड शिपमन नावाचा नोंदणीकृत डॉक्टर निघाला, ज्याला २००० साली पंधरा रुग्णांच्या खुनांबद्दल शिक्षा झाली. त्यातून त्यांनी धडा घेतला. आज तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलवर बारा सदस्यांपैकी सहा जण डॉक्टर नसलेले असतात. डॉक्टरांचा न्याय फक्त डॉक्टरांनीच करायचा, ही पद्धत त्यांनी सोडली.

आता आपल्याकडे या. सेनगावच्या एखाद्या बाईला, समजा, तक्रार करायची आहे. पहिला प्रश्न: कुणाकडे? डॉक्टर एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. बीएएमएस असेल तर भारतीय चिकित्सा पद्धतीची परिषद वेगळी. होमिओपॅथीची वेगळी, दातांची वेगळी, नर्सची वेगळी, औषध दुकानातल्या फार्मासिस्टची वेगळी, फिजिओथेरपीची वेगळी. सगळ्यांचे पत्ते मुंबईचे. तिला दिसतो फक्त पांढरा कोट आणि गळ्यातला स्टेथोस्कोप. २०२४ पासून हिंगोलीहून मुंबईला जनशताब्दी थेट जाते, त्याचा आम्हाला आनंद आहे. पण प्रतिज्ञापत्र करून, कागदांच्या प्रती काढून, एका सुनावणीसाठी तो दिवसभराचा प्रवास आणि मुंबईतला मुक्काम करणारी बाई मला दाखवा. मजुरी बुडते, लेकरं शेजारणीकडे ठेवावी लागतात.

आणि तक्रारीत लिहायचं काय? तिच्याकडे कागदच नसतो. मी शेकडो घरांत विचारलं आहे, "काय औषध दिलं?" कोनाड्यातून एक पुडी निघते. वर्तमानपत्राच्या कागदात दोन पांढऱ्या, एक पिवळी, एक अर्धी गोळी. पाकिटाचा तुकडा असलाच तर नाव असलेली बाजू फाडून ठेवलेली. एका आजोबांचे गुडघे सहा महिने झकास चालत होते आणि तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. त्या पुडीत स्टेरॉइड होतं हे जिल्हा रुग्णालयात रक्तातली साखर चारशेच्या वर निघाल्यावर कळलं. मी त्यांना विचारलं, चिठ्ठी कुठाय? म्हणाले, "चिठ्ठी काय करायची माय? गुण आला न्हवं."

इथे मला आपलं लक्ष २००२ च्या नियमांकडे वेधायचं आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे ते नियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आणले होते, त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच चालू राहिले. त्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, आणि प्रत्येक चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर, पैशांच्या पावतीवर तो छापायचा. भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. रुग्णानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. आपल्या जिल्ह्यात किती दवाखाने पावती देतात, हे पाहायला समिती लागत नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावी दोन तास फिरलं तरी पुरे. काही देतात. हिंगोलीत एक आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत, त्यांच्या टेबलामागे नोंदणीपत्र चौकटीत लावलेलं आहे आणि ते प्रत्येक रुग्णाला चिठ्ठी वाचून दाखवतात. आयुर्वेदाच्या पदवीधरांना बोगस म्हणणाऱ्यांशी मी भांडलेय. राज्यानं त्यांना काही आधुनिक औषधं वापरायची मुभा दिलेली आहे, आणि रात्रीबेरात्री तालुक्याला तेच उभे असतात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा प्रश्न अवघड आहे. १९९६ साली पूनम वर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की जी पद्धत शिकली नाही तिची औषधं देणारा भोंदूच. नंतर २०१४ साली राज्यानं कायदा बदलून आधुनिक औषधांसाठी एका अभ्यासक्रमाची वाट काढली, त्यावरून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्या वादात मी शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जो कोणी सुई हातात घेतो त्याचं नाव, शिक्षण, परिषद आणि क्रमांक रुग्णाच्या हातातल्या कागदावर आलं पाहिजे. पुढचा वाद मग त्या कागदावर घालता येईल.

आमच्याकडे पाट्यांवरच्या अक्षरांचा एक जुना इतिहास आहे, तो आपल्याला उपयोगी पडेल. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही १९१२ च्या कायद्यानं सुरू झाली. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमानं आयुर्वेद-युनानीच्या वैद्यांसाठी सगळ्या राज्याला एक कायदा मिळाला. आधीपासून वैद्यकी करणारे, पदवी नसलेले जे लोक होते त्यांचीही तेव्हा वेगळी यादी करून घेतली. ती माणसं आज हयात असतील तर नव्वदीच्या पुढची. त्यांच्यामागे 'आरएमपी' (नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी) ही तीन अक्षरं मात्र गावोगाव उरली, आणि त्यांच्या आडोशाला बी.ई.एम.एस., एम.डी. (ए.एम.) अशी कितीतरी. पेंटरला पैसे दिले की तो लिहितो. बाकी कुणाला विचारावं लागत नाही.

त्याच १९६१ च्या कायद्याचं कलम ३३ आहे, ज्याखाली नोंदणी नसताना वैद्यकी करणाऱ्याला सक्तमजुरी होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात कलम ३४ आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदे कमी नाहीत. पण मी चौतीस वर्षं पाहिलेली कारवाई अशी: पेपरात बातमी येते, वरून पत्र येतं, तालुक्याची समिती निघते, निघायच्या आधीच शटर खाली येतं. आठ दिवसांनी तोच माणूस शेजारच्या गावात मंदिराच्या ओट्यावर सलाईन लावून बसतो. पंचनाम्यावर सही करायला गावातलं कुणी पुढे येत नाही, कारण रात्री लेकरू तापलं तर उद्या कुणाला हाक मारायची? ही भीती खरी आहे. तिच्याकडे पाठ फिरवून टाकलेली धाड गावाला शिक्षाच वाटते.

आणि एक जास्त अवघड गोष्ट. सगळा धोका बोगस माणसांकडूनच असता तर काम सोपं होतं. परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या भिंतीवर पदव्या खऱ्या होत्या. २०१२ साली त्यांच्या रुग्णालयात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला, २०१९ साली बीडच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली, आणि बाहेर आल्यावर २०२० साली ते पुन्हा बेकायदा दवाखाना चालवताना सापडले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण आठवा. राज्यानं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ते करायला शस्त्रक्रियागृह लागतं, भूल देणारा लागतो. मोटारसायकलवरच्या बॅगेत ते मावत नाही. आपल्या सेनगाव-औंढ्यातूनही बाया ऊस तोडायला जातात. दिवाळीनंतर गाव रिकामं होतं. पंचवीस-तीस वर्षांच्या पोरी मला सांगायच्या, "बाई, पिशवी काढून टाकली, आता दर महिन्याचा ताप न्हाई." कुणी काढली? "त्या दवाखान्यात." कशासाठी? "क्यान्सर व्हईल म्हणले." तपासणीचा कागद? नाही. बीडमध्ये नंतर खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. ते आपल्या जिल्ह्यात करायला आपल्याला बीडसारखा आकडा निघायची वाट बघावी लागू नये.

म्हणून माझी विनंती आहे की समितीनं बोगस माणूस शोधण्याच्या आधी नोंदणीकृत माणूस गावाला दाखवावा. परिषदांच्या नोंदवह्या आता संगणकावर आहेत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनं २०२५ साली क्यूआर कोड आणला, मोबाईल धरला की डॉक्टरची नोंदणी दिसते. चांगली गोष्ट आहे. पण ज्या म्हातारीकडे साधा बटणांचा फोन आहे तिच्यासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पाणीपट्टीच्या यादीशेजारी, मोठ्या मराठी अक्षरांत एक यादी लागावी: आपल्या गावात आणि आसपासच्या गावांत उपचार करायला कोण पात्र आहे, कोणत्या पद्धतीचा, कोणत्या परिषदेकडे, क्रमांक काय. यादीत नर्स आणि फार्मासिस्टही हवेत. माझं नाव असतं तर मला आवडलं असतं. ग्रामसेवकानं ती ग्रामसभेत वाचावी. मग ज्याचं नाव नाही त्याला गावच विचारील, आणि समितीच्या जीपची धूळ दिसायच्या आधी विचारील.

चिठ्ठीचं काम औषध दुकानापासून सुरू करता येईल. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कुणी चिठ्ठीवरचं औषध देऊ नये. २०१४ पासून एच-वन यादीतल्या औषधांसाठी, ज्यांत भारी अँटिबायोटिक्स आणि झोपेच्या गोळ्या येतात, दुकानदारानं वेगळं रजिस्टर ठेवून लिहून देणाऱ्याचं नाव नोंदवायचं असतं. ते रजिस्टर अन्न व औषध प्रशासनाच्या माणसानं परिषदेच्या यादीशेजारी ठेवून वाचलं तर कुठल्या नावाला क्रमांकच नाही हे एका दुपारी कळेल. ज्या माणसाला ठोक भावात सलाईनच्या बाटल्या मिळतात त्याला त्या कुणीतरी विकतो. तो दुकानदार शटर खाली ओढून पळून जाणारा नसतो, त्याचा परवाना भिंतीवर असतो.

तक्रारीसाठी मात्र मुंबईची वाट बंद करून हिंगोलीत एक खिडकी उघडावी. जिल्हा रुग्णालयात उघडू नये. तिथं तक्रार नेताना लोक बिचकतात, कारण पुन्हा तिथंच उपचाराला यायचं असतं. आपल्या कार्यालयात उघडा. तिथं बसणाऱ्या कारकुनाला फक्त एवढं येऊ द्या: डॉक्टर कोणत्या परिषदेचा आहे ते शोधणं, अर्ज मराठीत लिहून देणं, प्रतिज्ञापत्र करून देणं, कागद रुग्णालयाकडून ७२ तासांत मागवणं, आणि तक्रारीचा क्रमांक त्या बाईच्या हातात ठेवणं. आपल्या कार्यालयात व्हिडिओ कॉन्फरन्सची खोली आहे. मंत्री महोदयांच्या बैठका तिथून होतात. परिषदेची सुनावणीही तिथून होऊ द्यावी म्हणून आपण परिषदांना लिहावं. जिल्हाधिकाऱ्याचं पत्र मुंबईत वाचलं जातं, आरोग्यसेविकेचं जाईलच असं नाही. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं आहे. वसमतपासून कळमनुरीपर्यंत किती रुग्णालयांनी ती लावली, हे आपल्या एका पत्रानं कळेल.

डॉक्टर मंडळींनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत, कारण हे पत्र वाचून त्यांना राग येईल. नातेवाइकांनी दवाखाना फोडला, डॉक्टरला मारलं, अशा बातम्या मी वाचते तेव्हा माझाही जीव खालीवर होतो. मीही अंगावर धावून आलेला जमाव पाहिला आहे, बाळंतीण दगावली होती त्या रात्री. जमाव दगड उचलतो तेव्हा त्याला विचारायला दुसरी जागा माहीत नसते. तक्रारीची खिडकी चालू असेल, तिथं डॉक्टरचीही बाजू ऐकली जात असेल, निकाल जाहीर होत असेल, तर चांगल्या डॉक्टरला त्या खिडकीचं संरक्षणच आहे. चिठ्ठी नीट लिहिलेली असेल तर तीच त्याची साक्षीदार.

आणि उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला रात्री दिवा दिसला पाहिजे. त्याशिवाय वरचं सगळं अर्धं राहील. ज्या रात्री सरकारी डॉक्टर मुक्कामी असतो त्या रात्री मोटारसायकलवाल्याला कुणी हाक मारत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एक वैद्यकीय अधिकारी आमच्याकडे तीन वर्षं राहिले, मुलाबाळांसह क्वार्टरमध्ये, आणि त्या तीन वर्षांत तो माणूस आमच्या गावात फिरकलाच नाही. त्यांची बदली झाली आणि पुढच्या बाजारच्या दिवशी त्याची गाडी पुन्हा पारापाशी लागली.

हिंगोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, शंभर मुलं दर वर्षी. त्यांच्या अभ्यासक्रमात आता प्रत्येक विद्यार्थ्यानं खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. ती मुलं घरोघर जाऊन रक्तदाब मोजतील. त्यांना सांगा, कोनाड्यातली पुडीही मागून बघा. ती उघडून घरातल्यांसमोर बसा आणि विचारा, ही कोणी दिली. आम्हाला तो प्रश्न कुणी शिकवला नव्हता.

येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला मी हिंगोलीला येणार आहे. टपरीवरच्या त्या पोराला विचारलं, तो येतो म्हणाला. त्याच्या आईनं साठ दिवसांच्या तपासणीचा कागद एकवीस वर्षं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे, त्यावर त्याच्या पायाचं माप आहे. सुई देणाऱ्याचं नाव त्या कागदावर नाही. ते मी आपल्यासमोर सांगेन आणि माझ्या सहीनं लिहून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. सेनगाव, जि. हिंगोली